शंभर खोल्यांचे बंदर

भूमध्य समुद्रातील क्रूझच्या वेळापत्रकात ज्या दिवसापुढे ‘रोम’ असे छापलेले असते, त्या दिवशी जहाज रोमला पोहोचत नाही. ते रोमच्या वायव्येस सुमारे 70 किलोमीटरवर, इटलीच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या तिऱ्हेनियन समुद्राकाठी असलेल्या चिव्हितावेक्किया या बंदराला लागते, आणि सकाळचा नाश्ता आटोपून उतरणारे हजारो प्रवासी या गावाकडे पाठ फिरवून थेट राजधानीची वाट धरतात. जो प्रवासी जहाज कंपनीची सशुल्क सहल न घेता स्वतःच्या जबाबदारीवर फिरू पाहतो, त्यालाही हे गाव म्हणजे केवळ स्थानकापर्यंतचा रस्ता वाटतो. प्रत्यक्षात, ज्या बंदरात तो पाय ठेवतो त्याच्या गाभ्यात एकोणीस शतकांपूर्वीचे बांधकाम आहे, आणि ते समजून घेतल्याखेरीज या बंदरातील दिवस नीट लावता येत नाही.

बंदर आणि शहर यांतील अंतर हा स्वतंत्र प्रवाशाच्या नियोजनाचा पाया होय. माल्टातील व्हॅलेटा येथे जहाज शहराच्या तटाखालीच उभे राहते आणि तटावर नेणारी लिफ्ट तेथून चालत गाठता येते. ग्रीसमधील पिरेयसहून मेट्रोने अर्ध्या तासाच्या आत अथेन्सचे मध्यवर्ती मोनास्तिराकी स्थानक गाठता येते. इटलीतील लिव्होर्नोहून मात्र पिसा जवळ पडते आणि फ्लोरेन्सला जाण्यायेण्यातच दिवसाचा मोठा वाटा खर्च होतो. सांतोरिनीसारख्या बेटापाशी मोठी जहाजे धक्क्याला लागतच नाहीत, प्रवाशांना लहान नौकांतून किनाऱ्यावर नेतात, आणि या नौकांच्या, म्हणजे ‘टेंडर’च्या, रांगेत जाणारा वेळही हिशेबात धरावा लागतो. चिव्हितावेक्किया हे यांतील दूरच्या बंदरांपैकी एक असल्याने तेथे घड्याळाचे गणित विशेष कडक आहे. जहाज सकाळी सातला लागून संध्याकाळी सातला सुटणार असेल, तर परतण्याची अंतिम वेळ त्याच्या अर्धा ते एक तास आधीची असते. जहाज कंपनीच्या स्वतःच्या सहलीची बस अडकली तर जहाज साधारणतः थांबते, स्वतंत्र प्रवाशासाठी ते थांबत नाही. म्हणून उतरण्यापूर्वी घड्याळ जहाजाच्या वेळेशी जुळवून घेणे, आणि जहाजावरील दैनिक पत्रकात छापलेले ‘पोर्ट एजंट’चे, म्हणजे कंपनीच्या स्थानिक प्रतिनिधीचे, नाव व दूरध्वनी क्रमांक जवळ ठेवणे या दोन गोष्टी कोणत्याही नकाशापेक्षा अधिक मोलाच्या आहेत. भारतीय पारपत्रधारकाने आणखी एक गोष्ट आरक्षणाच्याच वेळी पाहावी: त्याच फेरीत तुर्कस्तानचे कुशादासीसारखे बंदर असेल, तर जहाज शेंगेन क्षेत्राबाहेर जाऊन परत येते, त्यामुळे एकदाच प्रवेश देणारा शेंगेन व्हिसा तेथे अपुरा पडतो आणि तुर्कस्तानच्या प्रवेशाचे नियमही वेगळे पाहावे लागतात.

जहाजापासून बंदराची बस प्रवाशांना लार्गो देल्ला पाचे या चौकात आणून सोडते. तेथून रेल्वे स्थानकासाठी पुढची बस मिळते. परंतु ज्याला चालता येते त्याने ही बस घेऊ नये, कारण चौकापासून स्थानकापर्यंतची वीस-पंचवीस मिनिटांची वाट जुन्या बंदराच्या कडेकडेनेच जाते.

हे जुने बंदर सम्राट ट्राजनने वसवले. इ. स. 98 ते 117 या त्याच्या कारकिर्दीत रोमचे पोट इजिप्त आणि उत्तर आफ्रिकेहून येणाऱ्या धान्यावर चालत होते, आणि टायबर नदीच्या मुखाशी सम्राट क्लॉडियसने बांधलेले बंदर पुरेसे सुरक्षित नव्हते, इ. स. 62 मध्ये त्या बंदराच्या आत उभी असलेली सुमारे दोनशे जहाजे एका वादळात बुडाल्याची नोंद इतिहासकार टॅसिटसने केली आहे. ट्राजनने टायबरमुखाशी नवे षट्कोनी बंदर खोदले, आणि त्याच्या उत्तरेला, जेथे लांबवर आसरा नव्हता अशा किनाऱ्यावर, हे दुसरे बंदर उभारले. त्याचे लॅटिन नाव सेंटुमसेल्ली, म्हणजे ‘शंभर खोल्या’. या खोल्या बंदराभोवतीच्या कोठारांच्या की सम्राटाच्या तेथील प्रासादाच्या, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत.

बंदर बांधले जात असताना ते पाहणाऱ्या माणसाचे पत्र आजही उपलब्ध आहे, ही या जागेची दुर्मीळ श्रीमंती. धाकटा प्लिनी हा वकील व लेखक इ. स. 107 च्या सुमारास सम्राटाच्या सल्लागार मंडळात बसण्यासाठी येथे आला होता. दिवसभर न्यायनिवाडे चालत, त्यांत एका मृत्युपत्राच्या खरेखोटेपणाचाही वाद होता, आणि संध्याकाळी साधेच जेवण असे. या सर्वांचे वर्णन करून प्लिनी आपल्या मित्राला हिरव्या शेतांनी वेढलेला, समुद्रावर नजर टाकणारा प्रासाद दाखवतो आणि मग खालच्या खाडीकडे वळतो. खाडीचा डावा बाहू, म्हणजे समुद्रात गेलेली दगडी भिंत, तेव्हा पक्का झाला होता. उजव्याचे काम सुरू होते. आणि तोंडाशी लाटा फोडण्यासाठी एक कृत्रिम बेट घडत होते. रुंद पडाव अजस्र शिळा भरून आणीत आणि एकीवर एक टाकीत, त्या आपल्याच वजनाने जागेवर बसत आणि हळूहळू त्यांचा बांध वर येई. पाण्यावर डोके काढलेल्या त्या पाठीवर लाट आपटली की मोठा गडगडाट होई आणि भोवतालचा समुद्र फेसाने पांढरा होई. काही काळाने हे बेट निसर्गानेच घडवल्यासारखे दिसेल, असे प्लिनीला वाटत होते. बांधकामाचे इतके नेमके वर्णन प्राचीन साहित्यात क्वचितच मिळते, आणि ते वाचून आलेल्या प्रवाशाला धक्क्यावरचे दगड मुके राहत नाहीत. बंदराचे तोंड झाकणाऱ्या अशा आडव्या भिंतीला इटालियन भाषेत ‘आन्तेमुराले’, म्हणजे पुढची भिंत, म्हणतात. आजची क्रूझ जहाजे ज्या लांबच लांब लाटरोधकाच्या आतल्या अंगाला लागतात त्यालाही हेच नाव आहे, फक्त तो रोमन बंदराच्या कितीतरी पुढे समुद्रात गेलेला आहे. ट्राजनची आतली गोदी ‘दार्सेना रोमाना’ या नावाने अजून पाण्याने भरलेली असून तिच्यात लहान होड्या नांगरलेल्या असतात.

याच सम्राटाचा भारताशी आलेला संबंधही येथे नोंदण्याजोगा आहे. डेशिया, म्हणजे आजचा रोमानिया, जिंकून तो रोमला परतला तेव्हा त्याच्या भेटीला आलेल्या वकिलातींमध्ये भारतीयांचीही एक होती, असे इतिहासकार डिओ कॅसियस सांगतो, आणि ती वेळ हे बंदर बांधले जात होते त्याच सुमाराची आहे. पुढे इराणच्या आखाताच्या टोकाशी पोहोचल्यावर भारताकडे निघालेले एक जहाज पाहून, आपण तरुण असतो तर तिकडे गेलो असतो, असे ट्राजन म्हणाल्याचेही तोच लिहितो. पश्चिम भारताच्या किनाऱ्याची रोमन जगाला असलेली माहिती इ. स. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात आहे. बंदरामागून बंदर घेत कोठे काय विकावे आणि कोठे धोका आहे हे सांगणारी ही खलाशांची मार्गदर्शिका सोपारा आणि कल्याण यांची नावे देते, आणि कल्याणला चुकून लागलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जातात असा इशाराही देते. परक्या बंदरात उतरणाऱ्यासाठी सूचना लिहून ठेवण्याची परंपरा इतकी जुनी आहे, आणि तिच्या पानांवर कोकणचा किनाराही आहे.

रोमन सत्ता ओसरल्यानंतरही हे बंदर टिकले. पाचव्या शतकात येथून समुद्रमार्गे गेलेला कवी रुटिलियस त्याचे दोन बुरूज आणि तोंडावरचे बेट पाहून पुढे गेला. नवव्या शतकात अरब आरमारी टोळ्यांच्या हल्ल्यांमुळे रहिवासी गाव सोडून डोंगराळ भागात गेले आणि पोप चौथ्या लिओने इ. स. 854 मध्ये त्यांच्यासाठी तेथे नवे गाव वसवले. समुद्राच्या माणसांना ते मानवले नाही. ओकच्या झाडाखाली भरलेल्या सभेत लिआंद्रो नावाच्या एका वृद्ध खलाशाने जुन्या गावी परतण्याचा सल्ला दिला अशी लोककथा आहे, आणि शहराच्या चिन्हात ओकचे झाड व ‘उत्तम सल्ला’ या अर्थाच्या लॅटिन शब्दांची आद्याक्षरे आजही आहेत. परतलेल्यांनी गावाला ‘जुने नगर’ म्हटले. चिव्हितावेक्किया या नावाचा अर्थ तोच.

चौकातून स्थानकाकडे जाणाऱ्या त्या वाटेवर सर्वांत आधी नजरेत भरतो तो समुद्रालगतचा किल्ला. पोप दुसऱ्या ज्युलियसने 1508 मध्ये वास्तुविशारद ब्रामान्तेच्या आराखड्यावर त्याचे काम सुरू केले आणि पोप तिसऱ्या पॉलच्या काळात, 1537 मध्ये, ते पूर्ण झाले; मुख्य बुरुजाचा वरचा अष्टकोनी भाग मायकेलअँजेलोचा मानला जात असल्याने किल्ला त्याच्याच नावाने ओळखला जातो. जवळच्या बंदरभिंतीत अठराव्या शतकातील वान्व्हितेल्लीचे कारंजे आहे, आणि त्यातील म्हाताऱ्या वनदेवाच्या दगडी मुखवट्याच्या तोंडातून पाणी पडते. जहाजांना गोडे पाणी पुरवणे हा बंदराचा पहिला धर्म होता, याची ही शिल्पातली आठवण. बेर्निनीने येथे बांधलेला आरमारी कारखाना मात्र आता पाहता येत नाही. 14 मे 1943 रोजी सुरू झालेल्या विमानहल्ल्यांत तो आणि जुन्या शहराचा मोठा भाग नष्ट झाला, आणि ‘येथे पाहण्यासारखे काही नाही’ हा प्रवाशांचा समज बऱ्याच अंशी त्या बॉम्बवर्षावाची देणगी आहे.

किल्ल्यावरून समुद्राकाठच्या रस्त्याने रेल्वे स्थानक येते. रोमला जोडणारा हा लोहमार्ग 1859 मध्ये, पोपच्या राज्यात, सुरू झाला. प्रादेशिक गाड्या सान पिएत्रो स्थानकावर पाऊण ते एक तासात आणि मुख्य तेर्मिनी स्थानकावर सुमारे सव्वा तासात पोहोचतात. ‘बिर्ग’ नावाचे दिवसभराचे तिकीट या गाड्या आणि रोममधील मेट्रो व बस या सर्वांवर चालते. कागदी तिकीट मात्र फलाटावरील यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवल्याशिवाय गाडीत बसू नये, कारण शिक्का नसलेले तिकीट वैध धरले जात नाही आणि दंड जागेवरच वसूल होतो. इटलीत रेल्वे संपाची तारीख आधी जाहीर होते आणि कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ व संध्याकाळी सहा ते नऊ या वेळांत ठरावीक गाड्या चालवणे बंधनकारक असते. परंतु ही संध्याकाळची हमी क्रूझ प्रवाशाच्या उपयोगाची नाही, कारण तोवर त्याचे जहाज सुटण्याच्या बेतात असते. संपाची तारीख असेल तर रोमचा बेत सोडून देणेच शहाणपणाचे.

एरवीही सर्व जोडून पाहिले तर रोममध्ये हाती येतात ते जेमतेम पाच तास, आणि तेवढ्यात व्हॅटिकन, कोलोसियम आणि सर्व चौक उरकण्याचा अट्टहास केला तर प्रवाशाला रांगाच तेवढ्या दिसतात. सान पिएत्रोला उतरून दहा-पंधरा मिनिटांत सेंट पीटरच्या चौकात पोहोचावे आणि त्याच भागात दिवस घालवावा, हा एक मार्ग. खांदे व गुडघे झाकलेले असावेत आणि व्हॅटिकनची संग्रहालये महिन्यातील शेवटचा रविवार सोडून इतर रविवारी बंद असतात, हे आधी पाहून ठेवावे. दुसरा मार्ग अधिक सुसंगत आहे. तेर्मिनीहून ट्राजनच्या चौकाकडे जावे आणि 113 मध्ये उभारलेला, डेशियाच्या युद्धाचे प्रसंग गुंडाळीसारखे कोरलेला तो सुमारे 30 मीटर उंचीचा संगमरवरी स्तंभ रस्त्यावरूनच शांतपणे पाहावा. ज्याचे बंदर सकाळी पाहिले त्याच सम्राटाच्या अस्थी याच स्तंभाच्या तळाशी ठेवल्या होत्या.

तथापि रोमला मुळीच न जाणारा प्रवासी काही गमावतो असे नाही, विशेषतः तो महाराष्ट्रातून आलेला असेल तर. चिव्हितावेक्किया शहरात जपानी हुतात्म्यांना अर्पण केलेले एक चर्च आहे. जपानशी या बंदराचा संबंध जुना: सेन्दाईच्या सरदाराचा वकील हासेकुरा त्सुनेनागा 1615 मध्ये येथेच उतरून पोपच्या भेटीला रोमला गेला, आणि त्याचा पुतळा आज शहरात आहे. युद्धात पडझड झाल्यानंतर पुन्हा उभारलेल्या या चर्चच्या भिंती जपानी चित्रकार लुका हासेगावा यांनी 1950 च्या दशकात रंगवल्या. वेदीच्या वरच्या बाजूला मेरी किमोनो नेसून बाळ येशूला घेऊन उभी आहे, आणि बाळाच्या अंगावरही जपानी वस्त्रेच आहेत. बाजूच्या चित्रांत 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीत क्रुसावर मारले गेलेले सव्वीस जण आहेत. इटलीतील चर्चे दुपारी कित्येक तास बंद असतात, त्यामुळे येथे सकाळीच, जहाजावरून उतरल्यावर लगेच जावे.

त्या सव्विसांपैकी एकाचे नाव गोन्सालो गार्सिया. पोर्तुगीज वडील आणि वसईची आई यांच्या पोटी सोळाव्या शतकाच्या मध्यास वसईत जन्मलेला हा तरुण जेझुइट धर्मगुरूंबरोबर जपानला गेला, पुढे व्यापारात शिरला, मनिलात फ्रान्सिस्कन पंथाचा बंधू झाला आणि जपानी भाषेवरील प्रभुत्वामुळे 1593 मध्ये धर्मप्रतिनिधींचा दुभाष्या म्हणून पुन्हा जपानात गेला. 1862 मध्ये रोममध्ये त्याला संतपद देण्यात आले. भारतात जन्मलेल्यांपैकी हे पद मिळालेला तो पहिला. वसईत त्याच्या नावाचे महाविद्यालय आहे. वसईच्या किल्ल्यातील पडक्या चर्चांमधून हिंडलेल्या माणसाने या परक्या बंदरात, जपानी हाताने रंगवलेल्या क्रुसांच्या त्या रांगेसमोर उभे राहावे, आणि मग आन्तेमुरालेकडे परत जाणाऱ्या बससाठी चौकाची वाट धरावी.