काकडा संपल्यावर

कार्तिकात आपल्याला ‘पहाटे उठा, चाला’ असे कोणी सांगावे लागत नाही. कोजागरीला काकडा सुरू होतो आणि त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत भल्या पहाटे गल्लीतल्या मंदिरात टाळ वाजू लागतात. सत्तरी ओलांडलेली मंडळीही आंघोळ उरकून, उपरणे कानाला गुंडाळून हजर असतात. मग काकड्याची समाप्ती होते, काल्याचा प्रसाद मिळतो, आणि दुसऱ्या दिवसापासून तीच मंडळी ऊन वर येईपर्यंत सोलापुरी चादरीतून बाहेर पडत नाहीत. खरी थंडी तर तेव्हाच सुरू झालेली असते.

मार्गशीर्ष आणि पौष हे दोन महिने देहाची परीक्षा घेणारे आहेत. गारठ्याने स्नायू आखडतात, सांधे धरतात. दुखते म्हणून माणूस बसतो आणि बसल्यामुळे आणखी दुखते. माघ उजाडेपर्यंत कार्तिकात दोन-दोन तास मांडी घालून कीर्तन ऐकणारा माणूस खुर्ची शोधू लागतो.

आमच्या घरी हे मी जवळून पाहिले. माझ्या पत्नीला संधिवात आहे. गेल्या वर्षी काकड्याला ती रोज पायी यायची. पुढचे दोन महिने मात्र घरातच गेले. माघी एकादशीला मंदिरात देवापुढे डोके टेकवायला खाली बसली, ती उठेना. दोघी बायकांनी हात दिला तेव्हा उभी राहिली. घरी आल्यावर एवढेच म्हणाली, “अहो, वारी नाही घडली तरी चालेल, पण त्याच्यापुढे वाकता आले पाहिजे.” डॉक्टरांनीही तेच वेगळ्या शब्दांत सांगितले : दुखतो म्हणून सांधा बंद ठेवू नका, झेपेल तेवढा हलवत राहा. यंदा काकडा संपला, पण आमचे मंदिरापर्यंतचे चालणे संपले नाही. फक्त वेळ बदलली. ऊन पडल्यावर निघतो. ती हळू चालते, मध्ये कट्ट्यावर टेकते, पण जाऊन येते.

आपल्या पूर्वजांनी हे दोन महिने मोकळे सोडलेलेच नव्हते. धनुर्मासात सूर्योदयालाच नैवेद्य दाखवायचा, म्हणजे घर पहाटेच जागे हवे. बाजरीची भाकरी, लोणी, मुगाची खिचडी, तीळ हे थंडीतले खाणे, पण ते कष्टाच्या अंगाला पचणारे. बसून खाल्ले तर नुसते अंगावर चढते.

आणि आपल्या सोलापुरात तर संक्रांतीला सिद्धरामेश्वरांची यात्रा! सात नंदीध्वज ६८ लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात. ती उंच, जड काठी कमरेच्या पट्ट्यावर पेलून तोल सांभाळत चालायचे, हे ऐनवेळी जमत नाही. मानकरी कितीतरी दिवस आधीपासून सराव करतात. बाराबंदी घातलेला तो सेवेकरी पाहताना आपण हात जोडतो. त्यामागचा थंडीतला सरावही पाहावा. सिद्धरामेश्वरांनी तलाव उभारला तोही भक्तांच्या श्रमातून. या गावाच्या भक्तीला अंगमेहनत नवी नाही.

आपले संत तरी कुठे बसून राहिले? आपल्याच जिल्ह्यातल्या अरणचे सावता महाराज मळ्यात राबले. गोरोबाकाकांनी चिखल तुडवला, जनाबाईंनी जाते ओढले. त्यांचा देह कामात होता आणि नाम त्या कामातच होते. नाम घ्यायला देह झिजवावा लागत नाही, हे खरे. पण देह गंजू देणे हीही काही भक्ती नव्हे.

म्हणून विनंती आहे. काकडा संपला तरी उठण्याची वेळ फार सोडू नका. ज्यांना रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांनी मात्र कडाक्याच्या पहाटे बाहेर पडू नये. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, दाब वाढतो. त्यांनी कोवळे ऊन पडू द्यावे, कान झाकावे, डॉक्टरांना विचारून चालावे. थंडीत तहान लागत नाही, तरी पाणी प्यावे. आणि एकदम वेग घेऊ नये. आपले भजन आठवा. रूपाचा अभंग संथ लयीत उभा राहतो, मग टाळ हळूहळू वाढतो. अंगालाही तशीच लय द्यावी. बाहेर जाणे जमत नसेल तर घरातच टाळ घेऊन हरिपाठाला उभे राहा आणि झेपेल तेवढी पावली टाका. तेही जमत नसेल तर खुर्चीवर बसून टाळी वाजवा, पाय हलवा. पांडुरंग पावलांची संख्या मोजत नाही.

माघात पुन्हा दिंड्या निघतील. सोलापूरहून पंढरी सुमारे ७० किलोमीटर. ते अंतर त्या तीन-चार दिवसांत कापले जाते असे आपल्याला वाटते. खरे तर ते मार्गशीर्ष-पौषातल्या रोजच्या चालण्यात कापलेले असते. यंदा आमच्या घरून दिंडीत कोणी जाईल की नाही, ते तोच जाणे. उद्या सकाळी मंदिरापर्यंत मात्र जायचे आहे. तुम्हीही आपापल्या मंदिरापर्यंत निघा.

रामकृष्ण हरी.