इंडिकेटर एवढ्या घाईत का लुकलुकतो?

शिक्षक मित्रांनो आणि पालकांनो, दहावीच्या विज्ञानातला 'विद्युतधारेचे परिणाम' हा धडा फळ्यावर शिकवून झाला, की एकदा शाळेच्या गेटबाहेर उभ्या असलेल्या बाईकवरही शिकवून बघा. घरच्या गाडीला एलईडी इंडिकेटर बसले की मुलं विचारतातच, "सर, साधा बल्ब काढून एलईडी लावला तर इंडिकेटर फटाफट का लुकलुकतो?"

उत्तर धड्यातच आहे. बऱ्याच दुचाकींच्या इंडिकेटरला १२ व्होल्ट, १० वॅटचा बल्ब असतो. १० भागिले १२, म्हणजे ०.८३ अँपिअर. पुढचा-मागचा मिळून साधारण १.६७. त्याजागी १ वॅटचे दोन एलईडी लावले तर विद्युतधारा जेमतेम ०.१७ अँपिअर. फ्लॅशर मात्र जुन्या बल्बांच्या धारेवर बेतलेला. धारा एकदम घटली की अनेक फ्लॅशर 'एक बल्ब उडाला' असं समजतात आणि जलद लुकलुकून चालकाला तसं सांगतात. काही जुन्या फ्लॅशरमध्ये धारेने तापून वाकणारी पट्टी असते. ती पुरेशी तापलीच नाही, तर दिवा नुसता पेटून राहतो.

यावर स्वस्तातला उपाय म्हणजे एलईडीला समांतर जोडलेला रोधक. मुलांना हिशोब करू द्या. १२ व्होल्ट, १५ ओहम: १४४ भागिले १५, म्हणजे ९.६ वॅट. वाचवलेली वीज उष्णता होऊन गेली की! तो तापलेला रोधक वायरला किंवा प्लास्टिकला टेकला तर धोका वेगळाच. आणि उद्या एलईडी खरंच बंद पडला तरी रोधक धारा घेतच राहणार, फ्लॅशरला काही कळणार नाही. त्यापेक्षा एलईडीवर चालणारा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसवणं बरं. पण तोही बहुधा एकाच वेगाने चालतो, दिवा गेला तरी सांगत नाही. म्हणून अधूनमधून आपणच उतरून बघायचं.

पालकांनो, गाडी सजवणाऱ्या मुलाला एवढं जरूर सांगा, की इंडिकेटर चालवणाऱ्याच्या हौसेसाठी नसतो, मागून येणाऱ्यासाठी असतो. म्हणूनच निळे-पांढरे दिवे नकोत, रंग पिवळा-नारिंगीच हवा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार त्याने मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकायला हवं. आपल्या वज्रेश्वरीत देवीच्या दर्शनाला, अकलोली-गणेशपुरीच्या गरम कुंडांवर बाहेरगावची माणसं येतात. त्यांना आपली वळणं माहीत नसतात. अंबाडीकडून पावसात येणाऱ्या गाडीला तुमचं पोर कुठे वळतंय, हे तो एक दिवाच सांगतो.

आज संध्याकाळी मुलाला मोबाईलवर स्टॉपवॉच लावायला सांगा आणि इंडिकेटर चालू करा. १५ सेकंदांत १५ ते ३० वेळा लुकलुकला तर वेग ठीक. मग गाडीभोवती एक चक्कर मारून चारही दिवे बघून घ्या. काय आढळलं ते मुलाने वहीत लिहावं. उद्या वर्गात त्यावरूनच पुढचा तास सुरू करता येईल.