दूरचा समुद्र, आमची विहीर

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. गावाकडे आमची विहीर आटली होती. बाबांनी बैलजोडी विकली. आजोबा म्हणायचे, "नशीबच फुटकं."

यंदा भूगोलाच्या तासाला उलगडा झाला. प्रशांत महासागरातले पूर्वेचे वारे मंदावले की पश्चिमेला साठलेलं गरम पाणी दक्षिण अमेरिकेकडे सरकतं. ढगही तिकडेच वळतात. हाच एल निनो. २०१५ मध्ये देशात सरासरीच्या ८६ टक्केच पाऊस झाला. १९९७ मध्ये मात्र एल निनो असूनही हिंदी महासागरानं मान्सून सावरला.

सुट्टीत घरी गेल्यावर आजोबांना हे सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे आधी चाहूल लागते? मग त्या वर्षी ऊस नको, तूरच बरी."