बाणा काढला, पाणी आलं!

तुम्ही रात्री ऑनलाइन मागवलेला मिक्सर दुसऱ्या दिवशी दारात येतो ना, तो अनेकदा भिवंडी तालुक्यातून निघालेला असतो. वळ, पूर्णा, राहनाळ, काल्हेर... इथली शेतं केव्हाच गोडाउनच्या पत्र्यांखाली गेली. वीकेंडला वळला फिरायला कुणी जात नाही. पण जानेवारीत एकदा भल्या पहाटे जाऊन बघाच. कंटेनरच्या रांगा, टपरीवरचा कटिंग चहा आणि ट्रकच्या टपांवर, पत्र्यांवर साचलेलं दव. एखाद्या दिवशी धुकंही. हवेतलं पाणी असं हाताला लागतं.

हेच पाणी पकडायला जगभरातल्या युनिव्हर्सिटींतली पोरं डोकं लढवताहेत. चिलीतल्या चुंगुंगो गावाला १९९२पासून जवळपास दहा वर्षं डोंगरावरच्या जाळ्यांनी पाणी पाजलं, दिवसाला सरासरी १५ हजार लिटर! पुढे देखभाल सुटली आणि सगळं बंद पडलं. शिवाय अशा साध्या जाळीच्या हाती धुक्यातलं जेमतेम दोन टक्के पाणी लागतं, असा हिशेब एमआयटीच्या टीमनं २०१३मध्ये मांडला.

गडबड कुठे होते? भिवंडीतला कुठलाही लूमवाला चटकन समजेल असं उत्तर २०१८मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेकच्या विद्यार्थी-प्राध्यापकांनी दिलं. जाळीत ताणा असतो तसा बाणाही. उभ्या धाग्यावरून घसरणारा थेंब आडव्या धाग्यापाशी अडकतो आणि जाळीची भोकं बुजतात. त्यांनी बाणाच काढून टाकला! फक्त उभ्या तारा, वीणेसारख्या. लॅबमध्ये पाणी तिपटीपर्यंत वाढलं.

मग लावायच्या का या तारा वळच्या गोडाउनवर? इथे ते जमणं कठीण. धुकं तारांवर आदळायला वारा लागतो, आणि वळ आहे खाडीकाठच्या सखल भागात. माळशेज घाटात वारा आहे, धुकंही आहे, पण ते पावसाळ्यात, जेव्हा पाणीच पाणी असतं. टंचाई येते एप्रिल-मेमध्ये. भातसा, तानसाचं पाणी मुंबईला देणाऱ्या शेजारच्या शहापूर तालुक्यातले पाडे तेव्हा टँकरची वाट बघत बसतात. त्यांच्या हंड्यात तरी धुकं पडणार नाही.

वळसाठी दव मात्र कामाचं आहे. त्याला वारा नको, फक्त मोकळं आकाश आणि गार पडणारं छप्पर हवं. कच्छमधल्या कोठारा इथे आयआयएम अहमदाबादच्या गिरजा शरण यांनी छपरांवर दव गोळा करण्याचे प्रयोग केले आहेत. हिशेब सोपा आहे. हजार चौरस मीटर पत्र्यावर मिलीमीटरच्या दहाव्या भागाएवढं दव जमलं, तरी शंभर लिटर. तुमच्या ऑफिसातले पाण्याचे पाच जार! पत्र्यावरची धूळ पाहता ते प्यायला नको, पण झाडांना आणि टॉयलेटला चालेल.

फायनल इयरचा प्रोजेक्ट शोधणाऱ्यांनो, वळमध्ये छपरं तयार आहेत. मालकाची परवानगी, एक पन्हळ, एक पिंप आणि पहाटे उठून मोजायची तयारी, एवढंच लागेल.