पांढरीखालचे लाकूड

जहाजाच्या अंगावर फळीला फळी भिडवून जी जमीन तयार केली जाते तिला डेक म्हणतात, आणि ऊन, पाऊस व खारे पाणी यांखाली उघडी पडलेली ही जमीन राखण्याची विद्या कोकणातील बंदरांनी पिढ्यान्‌पिढ्या जोपासली आहे. मात्र बीडहून परळीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बालाघाटच्या डोंगरांलगत वसलेल्या वडवणीच्या परिसरात समुद्राची गाज कधी पोचली नसली, तरी फळ्यांची अशीच एक जमीन इथल्या जुन्या घरांनीही डोक्यावर धरलेली असते. तिचे नाव माळवद, म्हणजे लाकडाच्या सांगाड्यावर माती पसरून केलेले सपाट छत, ज्याला धाबे असेही म्हणतात.

माळवदाची मोजणी खणांनी होते. दोन खांबांमधील अंतराला खण म्हणतात, आणि घर किती खणांचे आहे हे सांगितले की त्याचा ऐवज ऐकणाऱ्याच्या ध्यानात येतो. खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या आणि कड्यांवर फळ्या अशी ही रचना चढत जाते; ऐपतीप्रमाणे लाकूड सागाचे असते, नाहीतर शेताच्या बांधावरील बाभळीचे किंवा लिंबाचे. नावेच्या डेकवर दोन फळ्यांमधील सांध्यात कापूस ठोकून वर राळ ओततात, तर माळवदात सांध्यांवर काटक्या व लिंबाचा पाला अंथरून माती दाबतात आणि सर्वांत वर पांढरीचा थर देतात.

ही पांढरी हे या विद्येचे मर्म आहे. मराठी मुलखात शेतजमिनीला काळी आणि गावठाणाच्या जागेला पांढरी म्हणण्याची रीत आहे. शतकानुशतके घरे पडून, राख मिसळून, माणसांच्या वावराने मुरलेली गावठाणाची ही माती काळ्या मातीसारखी भेगाळत नाही, कारण काळी पावसात फुगते व उन्हात फाटते, तर पांढरीचे बारीक, खारट कण ओल लागताच सुटे होऊन आपल्याच छिद्रांत बसतात आणि खालची वाट बंद करतात. पूर्वजांच्या पडलेल्या भिंती अशा रीतीने वंशजांच्या डोक्यावरचा पाऊस अडवतात, याहून सुंदर वारसा क्वचितच एखाद्या गावाला लाभत असेल.

परंतु या विद्येत एक घातक सोय दडलेली होती. माळवद गळू लागले की वर आणखी एक थर टाकायचा, हा उपाय स्वस्त आणि झटपट होता, म्हणून थरावर थर चढत गेले. अर्धा मीटर जाडीची माती एका चौरस मीटरवर पाऊण टनाच्या आसपास भरते, आणि हा भार खालच्या दगडमातीच्या भिंतींनी मुकाट्याने सोसायचा असतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावांत हजारो माणसांचा बळी घेतला, तेव्हा कोसळलेल्या भिंतींच्या दगडांबरोबर छतावरील ही मातीही त्यांच्यावर आली. त्याच वेळी काही घरांतून भिंती ढासळूनही खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिल्याचे दिसले. तेव्हा सगळा दोष लाकडाच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. नावेचा सुतार डेकला नवा लेप देण्याआधी जुना खरवडून काढतो, सांध्यातील कुजका कापूस उपसतो, उघडे लाकूड पूर्ण सुकू देतो आणि मगच नवे काही चढवतो. माळवदालाही हाच नियम लावायला हवा होता.

माती उतरवल्यावर फळ्या दिसू लागतात. त्यांचा मधला भाग चुलीच्या धुराने काळा, गुळगुळीत आणि बहुधा निरोगी असतो. खरी परीक्षा भिंतीत शिरलेल्या टोकाची असते, कारण झाडातून पाणी वर नेणाऱ्या नळ्या कापलेल्या तोंडाशी उघड्या राहतात आणि भिंतीतील ओल त्यांतून आत चढते. तिथे सुतार टोच्या दाबून पाहतो: टोच्या अडला तर फळी शाबूत, मऊ ढेकळात शिरावा तसा गेला तर वाळवीने किंवा कुजीने आतले सारे खाल्लेले. चांगली फळी रेषेच्या दिशेने तासून जवसाचे तेल पाजतात, आणि तोंडाशी ते पुनःपुन्हा द्यावे लागते. हे तेल नुसते वाळत नाही. हवेतील प्राणवायू घेऊन ते घट्ट होते. बाजारातील चकचकीत व्हार्निश वरवर कातडे धरते आणि तडकले की खालची ओल कोंडते, म्हणून जुन्या लाकडाला तेलच बरे.

बीड जिल्ह्याचा पाऊस वर्षाला सरासरी ६६६ मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी, आणि या दुरुस्तीसाठी मिळणारा अवधी त्याहून लहरी असतो. दिवाळीच्या सुमारास या भागातील असंख्य कुटुंबे ऊसतोडीला निघून जातात, कारखान्यांचा हंगाम संपल्यावर परततात, आणि परतल्यावर मृगापर्यंतच्या थोड्या आठवड्यांत पेरणीची तयारी व छताची डागडुजी दोन्ही उरकावी लागते. धाबे रोजची नजर मागते, आणि बंद घराला ती मिळत नाही. पहिला जोराचा पाऊस लागला की घरातील जाणते माणूस हातात कोळसा घेऊन खाली फिरते, ज्या फळीतून थेंब ठिबकतो तिच्यावर काळी रेघ ओढते, आणि उघडीप मिळताच वर जाऊन त्या खुणेच्या जागेपेक्षा हातभर उंचावर, चढाच्या बाजूला, भोक शोधू लागते.