दोन फितींचा नाईक

आमच्या चुलत पणजोबांना घरात आणि गावात 'सुभेदार' म्हणत. ते बर्माच्या लढाईत होते, असंही सगळे सांगत. त्यांचा एकच फोटो उरला आहे. खाकी शर्ट, एका बाजूने काठ दुमडलेली हॅट, शेजारी नऊवारीतली पणजी.

भिंग आधी दंडावर धरलं. तिथे दोन फिती आहेत. दोन फिती म्हणजे नाईक. तीन असत्या तर हवालदार. सुभेदाराच्या दंडावर फीत नसतेच, त्या काळी त्याच्या खांद्यावर दोन तारे असत.

पलटण ओळखायला जरा वेळ लागला. पुठ्ठ्यावर बेळगावच्या स्टुडिओचा शिक्का आहे. पण बेळगावात मराठ्यांचं केंद्र होतं, तशीच १९४१ साली महार रेजिमेंटही तिथेच उभी राहिली. तिच्या सुरुवातीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. या हॅटवर बिगूल दिसतो. म्हणजे पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री.

खरी कसोटी लागली ती छातीवरच्या रिबिनींची. कृष्णधवल फोटोत रंग फसवतात. जुन्या काही फिल्मना लाल रंग दिसतच नसे. त्यांच्यावर लाल काळा उमटतो आणि निळा फिकट होतो. त्यामुळे गडद-फिकट यावरून रंग ठरवण्यात अर्थ नाही, पट्ट्यांची मांडणी पाहावी. बर्मा स्टारच्या रिबिनीत मधोमध रुंद लाल पट्टा, दोन्हीकडे निळा आणि त्यात बारीक नारिंगी रेघ. पांढरा कुठेच नाही. आमच्या फोटोतल्या एका रिबिनीवर दोन पांढरे पट्टे स्वच्छ दिसतात, त्यांच्यामध्ये एक गडद आणि दोन्ही कडाही गडद. लाल, पांढरा, हिरवा, पांढरा, लाल: हा इटली स्टार. हे पदक मे १९४५ मध्ये जाहीर झालं, तेव्हा फोटोही त्यानंतरचा.

म्हणजे पणजोबा इटलीत लढले होते आणि आमच्या घरात इटलीचं नावही कोणी कधी काढलं नव्हतं. युद्ध म्हटलं की बर्मा, एवढंच गावाला ठाऊक. याचं मला फार वाईट वाटलं. हुद्द्याचं मात्र मुळीच नाही.

काकांना हुद्द्याचंच लागलं. "फोटो एका दिवसाचा असतो, पुढे बढती मिळाली असेल," ते म्हणाले. असेलही. पण नाईक म्हणजे काही कमी नव्हे. दहाएक जवानांची तुकडी घेऊन सगळ्यांत पुढे जायचं काम त्याचंच. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पाचव्या मराठाच्या यशवंत घाडगे यांची अख्खी तुकडी मशीनगनच्या माऱ्यात पडली, कोणी ठार, कोणी जखमी. ते एकटेच त्या गनवर धावून गेले. हातबॉम्ब टाकून ती बंद पाडली, आपल्या बंदुकीचं मॅगझिन बदलायला उसंत नव्हती म्हणून उरलेल्या शत्रूंशी तिच्या दस्त्याने झुंजले, आणि शेवटी शत्रूच्या गोळ्यांनी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडगे नाईकच होते. पुढच्या एप्रिलमध्ये सेनिओ नदीवर तोच सन्मान मिळवणारे नामदेव जाधव तर साधे शिपाई.

हे ऐकून काका बराच वेळ भिंग घेऊन बसले. मग फोटोमागे काय लिहायचं ते त्यांनीच सांगितलं: नाईक, पाचवी मराठा, इटली. आणि पणजीचं नाव, माहेरच्या आडनावासकट.