सगळ्यात वरची ओळ

२०१९ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाची संगणक प्रयोगशाळा माझ्याकडे होती. सगळे संगणक स्क्विड या प्रॉक्सी सर्व्हरमधून इंटरनेटवर जात. पावसाळ्यात इंटरनेटची नवी लाइन आली आणि बाहेरून थेट दिसणारा तिचा पत्ता मी सर्व्हरलाच दिला. संध्याकाळी नव्या खोलीतल्या संगणकांना स्क्विड आत घेईना. त्यांचे पत्ते नियमांत घालायचे राहिले होते. ते शोधायचा कंटाळा केला आणि नियमांच्या डोक्यावर एक ओळ टाकली : सगळ्यांना परवानगी. सकाळी काढीन म्हटलं, आणि विसरलो.

स्क्विड नियम वरून खाली वाचतो. जो पहिला लागू पडेल तिथेच निकाल लागतो, खालच्या ओळींकडे तो वळतही नाही. बंदीचे माझे सगळे नियम जागेवर होते, पण त्यांतला एकही वाचला जात नव्हता. 'सगळ्यांना' लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे आमची मुलं होती. स्क्विडच्या लेखी जगातला कुणीही. ३१२८ हे त्याचं नेहमीचं पोर्ट, आणि अशी उघडी दारं हुडकणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस चालू असतात.

राज्य सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे दिवस आले तेव्हा लाइन रांगत होती. धडगावकडची मुलं चांदसैली घाट उतरून एसटीने येत, ताटकळत आणि शेवटच्या गाडीसाठी उठून जात. मी आधी लाइनवाल्यांशी भांडलो. मग संशय मुलांवर गेला. एक मुलगा रोज उशिरापर्यंत बसायचा. सिनेमे उतरवतोस म्हणून सगळ्यांदेखत त्याचं प्रयोगशाळेचं कार्ड काढून घेतलं. "सर, मी फक्त फॉर्म भरतोय," एवढंच तो म्हणाला. मी ऐकलं नाही. स्क्विडची नोंदवही, ॲक्सेस लॉग, तोवर एकदाही उघडली नव्हती.

उघडली तेव्हा हात गार पडले. आमचे पत्ते १९२.१६८ ने सुरू होतात. पानंच्या पानं उलटूनही ते क्वचित दिसत होते. बाकी सारे परके. ते कुठे काय करत होते देव जाणे, पण समोरच्याला दिसत होता तो आमच्या महाविद्यालयाचा पत्ता.

त्याच वर्षी स्क्विडच्या ४.७ पर्यंतच्या आवृत्त्यांतल्या सुरक्षेच्या काही चुका उजेडात आल्या होत्या. आमची आवृत्ती त्याहून जुनी. वरिष्ठांपुढे मी त्यांचीच ढाल केली. ते खोटं होतं. आमचं दार त्या चुकांनी उघडलं नव्हतं, माझ्या ओळीने उघडलं होतं. हे त्यांना सांगायला मला आठवडा लागला.

तोवर त्या मुलाने बाजारातल्या नेट कॅफेत पैसे मोजून अर्ज भरला होता. कार्ड परत दिलं. ते काढून घेतलं होतं भरल्या प्रयोगशाळेत. माफी मात्र व्हरांड्यात, दोघंच असताना मागितली.